मेगा मॅन लेगसी कलेक्शन: कित्येक महिने खेळल्यानंतर

मेगा मॅनचे पहिले सहा गेम एकत्र असलेलं हे कलेक्शन मी उन्हाळ्यात लॅपटॉपवर घेतलं. मध्ये पावसाळा गेला, दिवाळीआधीची सोयाबीनची आवक झाली. मी लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानाचे हिशेब बघतो, त्यामुळे त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. तरीही हा गेम सुटला नाही. पैसे वसूल झाले का, असं कुणी विचारलं तर एकट्या दुसऱ्या भागातच झाले, हे माझं सरळ उत्तर. बाकीचे पाच वरचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८७ च्या डिसेंबरात पहिला गेम काढला, जपानात त्याचं नाव रॉकमॅन. डॉक्टर लाइट नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलेला निळा रोबो, हाताच्या जागी तोफ, आणि समोर डॉक्टर वायली नावाच्या माणसाने बिघडवलेले किंवा स्वतः बनवलेले रोबो. स्क्रीन बाजूला सरकत जाते, आपण उड्या मारत, गोळ्या झाडत पुढे जातो. शेवटी त्या भागाचा मालक रोबो भेटतो. त्याला हरवलं की त्याचं शस्त्र आपलं. कुठल्या रोबोकडे आधी जायचं हे आपण ठरवायचं, आणि एकाचं शस्त्र दुसऱ्यावर जालीम चालतं. सगळा गेम या एका कल्पनेवर उभा आहे आणि जवळपास चाळीस वर्षांनंतरही ती जुनी झालेली नाही.

आमच्या लहानपणी मराठवाड्यात घरोघरी जे टीव्ही गेम आले, त्यांच्या कॅसेटमध्ये मारिओ होता, काँट्रा होता, रणगाड्यांचा गेम होता. आमच्या कॅसेटमध्ये मेगा मॅन नव्हता. त्यामुळे मी हे कलेक्शन जुन्या आठवणींसाठी घेतलेलं नाही, पहिल्यांदाच खेळलो. हे मुद्दाम सांगतो, कारण या गेमचं कौतुक करणारे बहुतेक लोक तो लहानपणी खेळलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही सगळी आठवणींचीच गोडी असणार. तसं नाही. नव्या माणसालाही तो तितकाच धरून ठेवतो. माझा भाचा अकरावीच्या क्लाससाठी उदगीरहून आमच्याकडे राहायला आलाय, त्याच्या मोबाईलवर आजचे सगळे गेम आहेत. रात्री अभ्यास झाला की तोच विचारतो, "मामा, लावायचा का?"

दुसऱ्या भागाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण खरा ऐवज तिथे आहे. तो जपानात २४ डिसेंबर १९८८ ला आला. पहिला फार काही विकला गेला नव्हता, तरी टीमने हातातली बाकीची कामं सांभाळून जास्तीचा वेळ देऊन दुसरा केला. दिग्दर्शन अकिरा कितामुरा यांचं. मेगा मॅनचा बाप म्हणून लोक केइजी इनाफुने यांचं नाव घेतात, पण मूळ पात्राची कल्पना कितामुरांची होती आणि हे स्वतः इनाफुनेंनीच सांगितलेलं आहे. या भागातल्या आठ रोबोंसाठी जपानातल्या मुलांकडून चित्रं मागवली होती, आठ हजारांवर आली. मेटल मॅन, वुड मॅन, एअर मॅन बघताना ते जाणवतं. एकाच्या कपाळावर करवतीचं पातं, दुसरा अख्खा लाकडाचा ओंडका, तिसऱ्याच्या पोटातच पंखा. लेकरांच्या डोक्यातून निघालेली कल्पना मोठ्यांनी मन लावून पूर्ण केली, असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

हा गेम अवघड आहे का? आहे. पण अन्याय करत नाही. मेटल मॅनची खोली घ्या. जमीन म्हणजे सरकता पट्टा, मधेच दिशा बदलतो. तो समोरच्या टोकाला उभा राहून धारदार चक्रं फेकतो. पहिल्या काही वेळा आम्ही दोघंही गोळ्यांचा पाऊस पाडत मरत होतो. मग एकदा भाचा नुसता बघत बसला होता, तो म्हणाला, "मामा, बघा की, आपण गोळी मारली की मगच हा उडी मारून फेकतोय." खरंच तसं होतं. आपण थांबलो तर तोही बराच वेळ थांबतो. म्हणजे गोळी कधी मारायची हे ठरवून त्याला आपण नाचवायचं. गेमने हे कुठेही लिहून दाखवलेलं नाही, कुठला बाण नाही, सूचना नाही. समोर ठेवलंय, बघणाऱ्याने बघावं. हरवलं की त्याची चक्रं मिळतात. ती आठ दिशांना फेकता येतात आणि चार फेकली तरी एनर्जीचा एकच खण जातो. नवीन खेळणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. बबल मॅन आणि फ्लॅश मॅन या चक्रांपुढे फार टिकत नाहीत.

क्विक मॅनचा भाग तर वेगळाच. आपण खाली पडत जातो आणि दोन्ही बाजूंनी झगझगीत किरण सुटत येतात, नुसता स्पर्श झाला तरी जीव गेला. कुठे वळायचं, कुठल्या कडेवरून उतरायचं, हे हाताला पाठ झाल्याशिवाय पार होत नाही. फ्लॅश मॅनला आधी हरवलं असेल तर त्याच्याकडून वेळ थांबवायचं शस्त्र मिळतं. ते लावलं की किरण जागच्या जागी गोठतात. पण एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, एनर्जी संपेपर्यंत चालतं. आणि तेच शस्त्र क्विक मॅनवर वापरलं तर त्याची अर्धी ताकद खाऊन टाकतं. आता वाटेत वापरायचं की त्याच्यासाठी राखायचं? आमच्या घरात यावरून दोन पक्ष आहेत. भाचा वाटेत वापरतो आणि क्विक मॅनशी तोफेने लढतो. मी किरण पाठ केलेत.

आता कलेक्शनच्या सोयींबद्दल, कारण विकत घेताना त्याच बघायच्या असतात. मूळ गेममध्ये पुढच्या वेळेसाठी पासवर्ड मिळायचा, पाच बाय पाचच्या चौकटीत ठिपके. त्यात कुठले रोबो हरवले आणि ताकद भरायच्या ई-टाक्या किती शिल्लक आहेत, एवढंच राहायचं. आठही रोबो हरवल्यावर शेवटी लागणाऱ्या वायलीच्या किल्ल्यात शिरल्यावरची मजल त्यात राहत नसे, म्हणजे किल्ला एका बैठकीत संपवायचा. इथे मात्र मेनू उघडून हव्या त्या जागी सेव्ह करता येतं. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण टीव्ही बंद पडतो, तेव्हा ही सोय देवासारखी धावून येते. निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर २०१८ ला आलेल्या आवृत्तीत तर खेळ मागे नेण्याचीही सोय आहे.

पण इथे माझं ठाम मत आहे. एक भाग संपल्यावर किंवा लाईट गेल्यावर सेव्ह करा, दर उडीला करू नका. वुड मॅनचं उदाहरण देतो. तो पानांची ढाल अंगाभोवती फिरवतो, काही पानं वर सोडतो, मग ढाल आपल्याकडे फेकून उडी घेतो आणि वरची पानं खाली गळायला लागतात. दर वेळी हाच क्रम. दोन-तीनदा हरलं की आपण मोजायला लागतो: आता ढाल येणार, उडी, आता पानं, दोन पानांच्या मधे उभं राहायचं. ज्या दिवशी ते जमतं, त्या दिवशी तो रोबो कायमचा आपल्या ताब्यात आला. दर दोन सेकंदांनी सेव्ह करून तोच वुड मॅन पाडला तर पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात, आणि किल्ल्यात हे आठही जण परत एकापाठोपाठ भेटतात, तेव्हा हाल होतात. या गेममध्ये विकत घेण्यासारखं जे काही आहे ते या शिकण्यातच आहे. फार अवघड वाटलं तर नॉर्मल हा सोपा स्तर निवडा. त्यात रोबोंना मार जास्त बसतो. जपानी मूळ गेममध्ये ही निवडच नव्हती, तिथला एकमेव स्तर म्हणजे इथला डिफिकल्ट.

गेममध्ये खटकणाऱ्या जागा आहेत. किल्ल्याच्या चौथ्या भागात भिंतींवर पाच तोफा आणि मधे आडव्या भिंती अशी खोली आहे. तिथे फक्त क्रॅश मॅनचे बॉम्ब चालतात आणि ते पुरते सात असतात. पाच तोफांना पाच, भिंतींना उरले दोन. बाकीच्या भिंती आयटम, म्हणजे चढायला-तरंगायला मिळणारी साधनं, वापरून ओलांडायच्या. एक बॉम्ब वाया गेला की डाव फसला, आणि जीव जाऊन परत आलं तरी बॉम्ब भरून मिळत नाहीत. डोकं लावायला लावणारी खोली म्हणून कल्पना चांगली आहे, पण चूक झाल्याची शिक्षा म्हणून वाटेतल्या शत्रूंना पुन्हा पुन्हा मारून एनर्जी गोळा करत बसणं कंटाळवाणं आहे. बाकी गेमचा न्याय इथे नाही. शस्त्र बदलायला दर वेळी खेळ थांबवून मेनू उघडावा लागतो, याची मात्र सवय होते.

संगीताबद्दल एवढंच की भाच्याची आजी, म्हणजे माझी आई, शेजारच्या खोलीत पोथी वाचत असते आणि तिलाही किल्ल्याच्या पहिल्या भागाची चाल तोंडपाठ झालीय. ताकाशी तातेइशी यांनी निन्टेंडोच्या त्या जुन्या यंत्राच्या मोजक्या सुरांत हे केलंय. कलेक्शनमध्ये सगळी गाणी वेगळी ऐकता येतात.

इतर भाग भरभर सांगतो. पहिला खडतर आहे, त्यात सहाच रोबो आहेत. मार बसल्यावर काही क्षण आपल्याला इजा होत नाही, पण काट्यांना ते लागू नाही, काटे तेव्हाही जीव घेतात. नवीन माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये. तिसऱ्यात, १९९० च्या, जमिनीवरून घसरता येतं आणि रश नावाचा रोबो कुत्रा सोबतीला येतो. तो मला दुसऱ्याच्या खालोखाल आवडतो. चौथ्यात गोळी दाबून धरून मोठी करता येते. पाचवा आणि सहावा नेटके आहेत, पण दमलेले वाटतात. १९८७ ते १९९३ एवढ्या काळात एकाच यंत्रावर सहा भाग काढले तर दुसरं काय होणार.

कलेक्शन बनवणाऱ्या डिजिटल इक्लिप्सने २०१५ मध्ये मूळ गेम जसेच्या तसे ठेवलेत. स्क्रीनवर गर्दी झाली की खेळ मंदावतो, चित्रं लुकलुकतात, तेही ठेवलंय. मला ते योग्य वाटतं, कारण तो मंदावलेला क्षणसुद्धा खेळायच्या लयीचा भाग आहे. संग्रहालय नावाच्या विभागात जुनी रेखाटनं आणि खोक्यांवरची चित्रं आहेत, निवांत बघण्यासारखी. वेगवेगळ्या भागांचे तुकडे जोडून वेळेत पार करायची आव्हानं आहेत, भाचा हल्ली त्यातच जास्त रमतो.

घेणाऱ्यांना दोन गोष्टी. लॅपटॉप जुना असला तरी चालतो, माझा आहेच. पण कंट्रोलर बघून घ्या. इथल्या गंजगोलाईच्या बाजारातून घेतलेल्या माझ्या पहिल्या स्वस्त कंट्रोलरची दिशेची बटणं अशी होती की शिडी चढताना वर दाबलं तर तिरकं जायचं. शिडीवरून निसटून काट्यांवर पडणं म्हणजे काय, ते खेळणाऱ्यालाच कळेल. चार वेगळी, स्पष्ट दाबली जाणारी बटणं असलेला घ्या. दुसरं, मोठ्या टीव्हीला जोडत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा निघते आणि क्विक मॅनचे किरण तेवढाही उशीर खपवून घेत नाहीत.

सध्या आम्ही तिसऱ्या भागात डॉक रोबोंपाशी आहोत. दुसऱ्या भागातल्या आठही जणांचे डाव हेच रोबो खेळतात, त्यामुळे दुसरा आधी पूर्ण करूनच तिसरा लावा. वुड मॅनची पानं तिथेही त्याच क्रमाने येतात, फक्त समोरचा आकाराने मोठा असतो आणि उडी मारायला जागा कमी पडते.