उलट्या दरवाज्यांची मजबुती, शिरोली एमआयडीसीत करून घेतली
आमच्या बोलेरो कॅम्परचे मागचे दरवाजे उलटे उघडणारे (म्हणजे बिजागरी पुढच्याऐवजी मागच्या कडेला) करून घेतले होते दुसऱ्या एका गॅरेजमधे, पण लवकरच दरवाजा लोंबायला लागला, लॉक करायला वर उचलून ढकलावा लागायचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या या फॅब्रिकेशनवाल्यांनी ट्रिम (आतलं आवरण) काढून लगेच दाखवलं, मागच्या पिलरवर, म्हणजे दरवाज्यामागच्या खांबावर, मुळात फक्त लॉकचा खटका असतो, दरवाज्याचं वजन नसतं, आणि त्याच पातळ पत्र्यावर बिजागरी मारलेली, वेल्डच्या कडेने बारीक चीर पण गेलेली. यांनी पिलरच्या आत 3 एमएमची प्लेट घातली, खालपासून छतापर्यंत चौकोनी पाइप दिला, दरवाज्याच्या आतूनही पट्टी मारली. वेल्डिंग एका दमात नाही, थोडं थोडं टाके मारत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. सगळ्यात भारी लॉकचं काम, कारण असा दरवाजा चालत्या गाडीत सुटला तर वारा खेचून पार उघडतो, म्हणून दोन टप्प्यांचं लॅच, वर वेगळी कडी आणि उघडा राहिला तर डॅशवर लाल दिवा. रेट जास्त आहे पण काम खणखणीत. आणि गाडीत असे बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आधी आरटीओत विचारून घ्या हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते मला फार आवडलं.