गुलमोहर आडवा झाला, माळीमामा मात्र भावले (पाचपैकी साडेतीन)

जुळे सोलापुरातल्या आमच्या फाटकाशी पाच वर्षांपूर्वी गुलमोहर लावला. नर्सरीतून आणला तेव्हाच डोक्याच्या वर उंच. आयतं झाड मिळालं म्हणून आम्ही खूश. गेल्या सप्टेंबरात पावसाने दोन रात्री झोडपलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पहुडलेले. वारं म्हणावं तर फारसं नव्हतं.

झाड हलवायला बागकामवाले बोलावले. आठची वेळ देऊन अकराला उगवले, तो अर्धा तारा तिथेच गेला. पण त्यातल्या वयस्कर मामांनी करवत बाजूला ठेवून आधी खुरप्याने बुंध्याचा चिखल खरवडला आणि म्हणाले, "ताई, वाकून बघा." मुळं जिलबीसारखी गोल गोल, पिशवीच्या मापाची! रोप पिशवीतच जून झालेलं. जमिनीत आल्यावरही मुळं पसरलीच नाहीत.

वर आमची माया. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून मी रोज संध्याकाळी पाइप धरायची. वरच्या वर पाणी मिळाल्यावर मुळं खाली कशाला जातील? आणि आपल्याकडे खरा जोर उत्तरा-हस्त नक्षत्रांतल्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या पावसाचा. उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती तेव्हा फुगून लोण्यासारखी मऊ होते, मुळांची पकड सुटते. त्यात भिजलेल्या पानांनी शेंडा जड. गुलमोहराची मुळं तशीही उथळ. पलीकडच्या गल्लीतला आपोआप उगवलेला कडुनिंब, ज्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तो ढिम्म उभा होता.

त्याच जागी मामांनी कडुनिंबच लावला, तोही जेमतेम दोन फुटांचा. लगेच नाही, "वाफसा येऊ द्या" (म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहू द्या) म्हणून आठवडाभर थांबवलं. पिशवी फाडून गुंडाळलेली मुळं छाटली. काठीला बांधायला मी सुतळी दिली, ती परत केली आणि जुन्या चादरीची चिंधी मागितली. बांधलीही सैल. खोड थोडं डुललं तरच जाड होतं म्हणे.

बाकी तक्रारी: ठरलेल्या पैशांवर लाकूड नेण्याचे चारशे जादा लावले, आणि पाला गटारातच सोडून गेले. तो मी काढला. स्कूटरचा आरसाही मीच भरून दिला.

आता आठवड्यातून एकदाच दोन घागरी, तेही बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात. काठी पुढच्या मृगापर्यंत ठेवायला सांगितली आहे.