टायफॉइडचं रॅपिड कार्ड: पावसाळाभर वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी छोटी लॅब आहे. पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत विडाल या टायफॉइडच्या जुन्या रक्ततपासणीऐवजी आयजीएम-आयजीजी कार्ड वापरलं. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या या दोन अँटिबॉडी ते रेघांनी दाखवतं; आयजीएम ताज्या संसर्गाची खूण. लहान लॅबवाल्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

हाताळायला कार्ड सोपं आहे. सीरम टाका, बफर टाका, पंधरा मिनिटांनी रेघा बघा. लाइट गेली तरी अडत नाही, नळीत रक्त साकळून वर सुटलेलं सीरमही चालतं. बॉक्सवर तापमानाची मर्यादा ३० अंश लिहिलेली, आणि आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा खोली त्याहून तापते. म्हणून कार्डं फ्रीजमध्येच ठेवतो आणि पाकीट फोडण्याआधी थोडा वेळ बाहेर काढतो.

आता पैशाचं. कार्डाची किंमत पेशंटला जड जात नाही, पुढचा खर्च जड जातो. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, अशाच अँटिबॉडी शोधणाऱ्या टायफीडॉट गटातल्या टेस्टची संवेदनशीलता (खरे पेशंट पकडण्याचं प्रमाण) सरासरी ८४ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ७९ टक्के आली. तापाचे १०० पेशंट धरा, त्यात खरा टायफॉइड १० जणांना. कार्ड त्यातले आठ पकडेल, पण उरलेल्या ९० पैकी १९ जणांनाही पॉझिटिव्ह दाखवेल. त्या १९ जणांचं सलाइन, इंजेक्शनं, ऐन कापूस वेचणीत बुडालेली मजुरी कोण मोजतं? आणि डेंग्यू किंवा स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असेल तर नेमका तो आजार मागे राहतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

"भाऊ, टायफाइड निंगाला का?" असं ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारतात. इतक्या लवकर अँटिबॉडी बहुधा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे निगेटिव्हला अर्थ नसतो. मी आधी मलेरिया बघतो, डेंग्यू सुरुवातीलाच दाखवणारी एनएस१ टेस्ट सुचवतो आणि कार्ड ताप पाच-सहा दिवस टिकला तरच लावतो. नुसती आयजीजीची रेघ आली तर रिपोर्टवर स्पष्ट लिहितो की हा जुना संसर्गही असू शकतो. फिकट आयजीएम आली की डॉक्टरांना फोन करतो.

कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची) जागा कार्ड घेत नाही. कल्चरही साधारण ६० टक्केच केसेस पकडतं, त्याला काही दिवस लागतात आणि बाटली यवतमाळ किंवा सेवाग्रामला पाठवावी लागते. तरी पेशंट गंभीर असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्त काढून ठेवावं, कारण कोणतं औषध लागू पडेल हे कार्ड कधीच सांगत नाही.

घ्यावं का? विडालची एकच स्लाइड बघून उपचार सुरू करण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी पुढच्या पावसाळ्यातही घेणार आहे. फक्त मोठा बॉक्स घेऊ नका. हिवाळ्यात तापाचे पेशंट कमी होतात आणि उरलेली कार्डं मुदत संपून वाया जातात.