जुना वाडा दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध! आमचे ७,६५,५०० रुपये आणि सहा खांब गेले

आकडा आधी सांगते. ७,६५,५०० रुपये. ॲडव्हान्स १,७५,०००, चुन्याच्या कामाचे ४,६०,०००, लाकडाच्या ट्रीटमेंटचे ९२,००० आणि सरकारी अनुदानाची फाईल करायला म्हणून ३८,५००. सगळे बँकेतून गेलेत, एक रुपया रोख नाही, तेव्हा "पावती नसेल घेतली हिने" हे भावकीतल्या मंडळींनी आता बंद करावं. वर सहा सागवानी, सुरूच्या झाडासारख्या घडणीचे खांब गेले, केळफुलांच्या कोरीवकामाचे, ते वेगळेच.

वाडा वाईच्या बाजूला. दोन चौक, मागे परसबाग, बागेत दगडी हौद, विहिरीवरून खापरी नळाने त्यात पाणी यायचं, बकुळ, सोनचाफा आणि कोपऱ्यात जुना फणस. मालमत्ता पत्रकावर ११ नावं आहेत, पण कौलं शाकारायची वेळ आली की माझा एकटीचाच फोन वाजतो. अशात एक माणूस घरी येऊन म्हणाला की ताई, वाडा पाडू नका, मी आहे, तर मी काय हाकलून देणार होते?

आणि तो जे बोलायचा ते सगळं खरं होतं हो! चोराला काही माहीत नसतं असं आपण धरून चालतो. विटा-मातीच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात, चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, सिमेंट लावलं की आत कोंडते आणि क्षार वर येऊन भिंत भुसभुशीत होते, अगदी बरोबर. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवून आठवडे-आठवडे खड्ड्यात ठेवायची, मग विटकर (विटांची भुकटी) घालून घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी चक्कीत, मळायची, गूळ, बेलफळाचं पाणी, सगळं तोंडपाठ. आपली कामं म्हणून फोटो दाखवले त्यातला एक चांदवडच्या रंगमहालाचा होता हे मला नंतर कळलं. अहिल्याबाईंचा वाडा तो, तिथे कुणीही जाऊन फोटो काढेल.

आता ती सकाळ. आदल्या दिवशी माजघराला गिलावा झालेला, मी सहज नख लावून बघितलं तर दगडासारखा घट्ट. रंग करडा, सिमेंटसारखा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू धरतो, एका रात्रीत असा होतच नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं! मी विचारलं, नाही असं नाही. तर म्हणे, "हा हायड्रॉलिक लाईम आहे ताई, बाहेरून मागवलाय, लवकर धरतो." तसा चुना खरंच असतो, म्हणून गप्प बसले. पण अंगणात खड्डा कुठे होता, घाणी कुठे होती, चुनकळीचं एक पोतं तरी कुणी पाहिलं? गुळाच्या ढेपा मात्र ओसरीवर मांडून ठेवलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. आठवलं की अजून अंगाची लाही होते. (माजघराची ती भिंत आता पोपडे टाकतेय.)

त्याच आठवड्यात "वाळवी लागलीय, वर्कशॉपमध्ये केमिकलच्या टाकीत बुडवायला लागतील" म्हणून खांब उतरवले, तुळयांना लोखंडी टेकू लावले आणि टेंपो भरून नेले. ते काही परत आले नाहीत. वाळवीचं औषध जागेवर, लाकडाला बारीक भोकं पाडून भरता येतं. कोरीव लाकूड वाड्याबाहेर जाऊ देऊ नका, कुणी कितीही शहाणपणा सांगू दे. आणि प्रत्येक खांबाचे, तळखड्याचे (खांबाखालच्या दगडाचे), दिंडी दरवाज्याचे फोटो मापाची पट्टी ठेवून आजच काढून ठेवा.

फणस तर "मुळं वाड्याच्या पायात शिरलीत" म्हणून पाडला आणि लाकूडही तोच घेऊन गेला, मुळं खणताना खापरी नळ फुटला तो फुटलाच. गंमत पुढे ऐका. फणस झाडतोडीच्या १९६४च्या कायद्यातल्या यादीत आहे, तेव्हा विनापरवाना तोडल्याची नोटीस आली ती माझ्या नावाने, आणि किती तत्परतेने! माझ्या तक्रारीला मात्र कुणाला वेळ नाही. ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, ५००च्या स्टॅम्पवर करार आहे ना, मग हे सिव्हिल मॅटर." अहो, विश्वासाने सोपवलेली वस्तू विकून टाकणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३१६चा गुन्हा आहे, फसवणूक ३१८, हे मी त्यांना सांगायचं? साहेब बंदोबस्तात, साहेब मीटिंगमध्ये, साहेबांची बदली. पुरातत्त्वच्या माणसाने विचारलं वाडा संरक्षित यादीत आहे का, नाही म्हटल्यावर विषय संपला, शंभर वर्षांवरचं कोरीव काम १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतं हे मी म्हणेपर्यंत फोन बंद. तहसीलला गेले तर तिथून परत ठाण्यातच पाठवलं.

एफआयआर घेत नसतील तर वाद घालत बसू नका, लेखी तक्रार स्पीड पोस्टाने एसपींना पाठवा, त्यानंतरही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगात मी केस टाकलीय, ५ ते १० लाखांसाठी फी २०० रुपये, वकील हवाच असं नाही, केस टाकायची मुदत दोन वर्षांची.

अनुदानाचं म्हणाल तर त्याने ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेचं नाव घेतलं होतं. ती राज्य संरक्षित स्मारकांचं पालकत्व घेण्याची योजना आहे, तुमच्या-माझ्या खाजगी वाड्याला पैसे देण्याची नाही. कुणी फाईल फी मागितली की जीआर (शासन निर्णय) दाखव म्हणा, तिथेच अर्धे पळतात. मी मागितला होता, त्याने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, १४ पानी, सहीशिक्क्याची, आता ती सगळी वाचायची माणसाने?

खांबांपैकी एकाच्या केळफुलाची एक पाकळी तुटलेली आहे आणि खाली उदबत्तीने भाजल्याचा काळा डाग आहे. कुठल्या रिसॉर्टात, हॉटेलात, जुन्या सामानाच्या दुकानात दिसला तर दुकानदाराला आधी खरेदीचं बिल विचारा आणि फोटो काढा, बिल द्यायला तो का कू करेल.