लोटस एलिस सिरीज १: रोडवर, ट्रॅकवर, आणि इंजिन बसल्यावर

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. लाइटवेट स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवायची असेल तर सिरीज १ एलिससारखी गाडी मी तरी दुसरी चालवलेली नाही, आणि ट्रॅकवर इंजिन एकदा पूर्ण निकामी झाल्यावरही माझं मत तेच आहे. फक्त कूलिंगच्या कामाचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा, नंतर बघू म्हणू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी १९९६ ला आली, नाव लोटस या ब्रिटिश कंपनीचे तेव्हाचे मालक रोमानो आर्तिओली यांच्या नातीवरून, एलिसा. रिचर्ड रॅकहॅम यांनी चॅसी केली, ॲल्युमिनियमची एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या पोकळ पट्ट्या, इपॉक्सी गोंदाने चिकटवून, आणि ती नुसती चॅसी सत्तर किलोच्या आत बसते. पूर्ण गाडी साधारण ७२५ किलो. मागे सीटच्या पाठीशी रोव्हरचं के-सिरीज १.८, १७९६ सीसी, ११८ हॉर्सपॉवर. आकडा ऐकून लोक नाक मुरडतात, पण ११८ भागिले ७२५ करून बघा, टनाला १६० च्या वर जातो. पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नाही, एबीएस नाही. पुढचे टायर १८५ चे, आजकालच्या साध्या फॅमिली गाडीलासुद्धा याहून रुंद असतात.

रोडवर ती कशी आहे यावर फार लिहीत नाही. आत शिरायला रुंद सिल ओलांडून स्वतःला खाली सोडायचं, छत लावलेलं असेल तर अजून कसरत, पावसात कुठून तरी थेंब येतोच, आवाज भरपूर. पण खराब रस्त्यावर सस्पेन्शन इतकं मऊ आणि शहाणं वागतं की पहिल्यांदा बसलेला माणूस चकित होतो. वजनच नाही म्हटल्यावर कडक स्प्रिंगची गरजच पडत नाही.

खरी गोष्ट ट्रॅकची. जड आणि जास्त पॉवरच्या गाड्या सरळ रस्त्यावर पुढे निघून जातात, जाऊ द्या, त्यांना ब्रेकिंग झोनमध्ये लवकर ब्रेक मारावा लागतो आणि कॉर्नरमध्ये तुम्ही त्यांच्या बंपरला चिकटलेले असता, आणि सेशनच्या शेवटी त्यांचे ब्रेक पेटल्यासारखे वास मारत असतात, पेडल स्पंज झालेलं असतं, आणि तुमचं पेडल पहिल्या लॅपला होतं तिथेच. सर्वो नसल्यामुळे पायाखाली डिस्कवर नेमकं काय चाललंय ते कळतं, टायर लॉक व्हायच्या आधी एक बारीक थरथर येते, ती एकदा ओळखीची झाली की एबीएसची आठवण येत नाही. टायर जपून निघतात, पॅड जपून निघतात, पेट्रोलही त्या मानाने कमी. ट्रॅकवर वजन कमी असण्याचा अर्थ हाच, प्रत्येक झिजणारी गोष्ट हळू झिजते.

चालवायला सोपी मात्र नाही. इंजिन मागे, वजनाचा साठ टक्क्यांहून जरा जास्त भाग मागच्या चाकांवर. कॉर्नरला आत शिरताना पुढचं टोक हलकं असतं, ब्रेक थोडा धरून ठेवला, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग केलं, की पुढच्या टायरवर वजन येतं आणि गाडी सुईसारखी वळते. पण कॉर्नरच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की मागचा भाग बाहेर, आणि मिड-इंजिन गाडी एकदा फिरायला लागली की पटकन फिरते. म्हणून घेतल्याबरोबर आधी अलाइनमेंट नीट मोजून घ्या, विशेषतः मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. तो बिघडलेला असेल तर गाडी उगाच चंचल वाटते आणि दोष मात्र डिझाइनला जातो.

आता इंजिन.

के-सिरीजचं हेड गास्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, बदनाम आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण का ते फार कमी जण सांगतात. इंजिन हलकं करायला ॲल्युमिनियम ब्लॉक, त्यात वेगळे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळ्या, बसवलेले, आणि हेडपासून खाली बेअरिंग लॅडरच्याही (क्रँकशाफ्ट धरणारी चौकट) आरपार जाणारे दहा लांब बोल्ट सगळं सँडविच एकत्र धरून ठेवतात. कूलंट कमी मावतं म्हणून ते पटकन गरम होतं. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, पाणी इंजिनमध्ये शिरतं त्या बाजूला. तो उघडला की रेडिएटरमधलं गार पाणी गरम ब्लॉकमध्ये एकदम येतं, धातू आकसतो, प्रसरतो, परत आकसतो, आणि गास्केटवरची सीलची रेघ हळूहळू सुटते. एलिसमध्ये वर आणखी एक, रेडिएटर नाकात आणि इंजिन मागे, म्हणजे पाइप गाडीच्या लांबीभर. त्यात हवा अडकली तर काढायला वेळ लागतो, आणि घाईतला मेकॅनिक ती काढतच नाही.

माझ्या गाडीत गास्केट आपणहून गेलं नाही. जुने होज बदलायला गाडी एका गॅरेजला दिली होती, नाव लिहीत नाही, आणि इंजिनच्या बाजूचा एक क्लॅम्प पाइपच्या उभारलेल्या कडेच्या अलीकडे बसवायचा तो त्यांनी कडेवरच चढवून आवळला होता. रोडवर काहीच झालं नाही. ट्रॅकवर रबर पुरतं तापलं, दाब वाढला, आणि होज सरकला.

पुढचा भाग नीट वाचा. डॅशवर स्टॅक कंपनीचं मीटर आहे, कूलंटचं तापमान आकड्यात दाखवतं, मी प्रत्येक सरळ पट्ट्यावर त्यावर नजर टाकतो. त्या लॅपला आकडा वाढला नाही, उलट खाली आला. सेन्सरला पाणी लागलं तरच तो पाण्याचं तापमान सांगणार, पाणीच निघून गेलं तर तो हवा आणि वाफ मोजतो, आणि आकडा बघून वाटतं सगळं मस्त आहे. पाठोपाठ हीटरची हवा गार झाली, हीटरमधून फिरायला पाणी उरलं नव्हतं म्हणून. मग आरशात पांढरी वाफ, पॉवर पडली, इंजिन खरखरलं. लगेच बंद करून रेसिंग लाइन सोडली आणि कडेला गवतात थांबवली, कारण कूलंट सांडलेल्या डांबरावर मागून येणारा फिरतो. मार्शलने झेंडा दाखवला, गाडी टो करून पिटमध्ये आली.

उघडल्यावर कळलं ते असं. कॉम्प्रेशन टेस्टला मधले दोन सिलिंडर जवळजवळ सारखेच पडलेले, म्हणजे त्यांच्या मधली गास्केटची पट्टी जळाली. हेड उतरवलं, पट्टी लावून फीलर गेजने बघितलं तर वाकलेलं, पण वाकलेलं फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट, करून निघतं, खरी अडचण वेगळी होती, हेड मऊ पडलं होतं. ॲल्युमिनियम जास्त तापलं की त्याचा कडकपणा जातो, आणि मग लायनर हेडमध्ये रुततो, कितीही फेसिंग करा, नवं गास्केट पुन्हा जाणार. म्हणून हार्डनेस टेस्ट केल्याशिवाय हेडवर एक रुपयासुद्धा लावू नका. लायनरही खाली बसले होते. ते ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशाने वर असायला हवेत, तरच गास्केट दाबून धरतात, माझे दोन खाली गेलेले. कूलंट मिसळून ऑइल दुधाळ झालेलं, त्यामुळे बेअरिंग शेलही गेले.

इथे बरेच जण होंडाचं के२० इंजिन टाकतात, पॉवर जवळजवळ दुप्पट होते आणि रोज ट्रॅक करणाऱ्याला मी तो सल्ला देईनही. पण के-सिरीज हलकं आहे, गाडीचा तोल त्याच्यावर बेतलाय, आणि मला ११८ हॉर्सपॉवर कमी पडत नव्हते. म्हणून इंजिन बांधून घेतलं, दुसऱ्या माणसाकडून, ज्याने लायनरची उंची प्रत्येक सिलिंडरला चार जागी मोजून कागदावर लिहून दिली. दुसरं हेड, हार्डनेस तपासून घेतलेलं. नवे लांब बोल्ट. मल्टी-लेयर स्टीलचं गास्केट. प्लॅस्टिकच्या जागी स्टीलचे डॉवेल, म्हणजे हेड जागेवर बसवणाऱ्या पिना. थर्मोस्टॅट बाहेर, रिमोट प्रकारचा, दाब बघून उघडणारा, म्हणजे गार पाण्याचा तो धक्का कमी बसतो. ॲल्युमिनियम रेडिएटर. सगळे क्लॅम्प स्प्रिंगचे, रबर तापून दबलं तरी ते स्वतः आवळलेले राहतात.

या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू कोणती, तर कूलंट टाकीत बसवलेला लेव्हल सेन्सर आणि डॅशवर एक लाल दिवा. हा दिवा तेव्हा असता तर आकडा खाली यायच्या आधीच मी पिटमध्ये आलो असतो. ट्रॅकवर जाणारी कुठलीही एलिस, कुठलंही इंजिन असो, हे बसवल्याशिवाय नेऊ नका.

टोयोटाचं इंजिन असलेली नंतरची सिरीज २ घेऊ का, असं खूप जण विचारतात. ते २झेडझेड इंजिन गास्केटच्या बाबतीत निवांत आहे, १९० च्या आसपास हॉर्सपॉवर, ६२०० आरपीएमच्या पुढे कॅम बदलतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण स्टिकी टायर लावून लांबलचक कॉर्नर घेतलात की सम्पमधलं, म्हणजे इंजिनखालच्या टाकीतलं, ऑइल एका बाजूला जातं आणि ते ओढणाऱ्या पिकअप नळीला हवा लागते, तेव्हा तिथे बॅफल, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या, असलेला सम्प हवाच. गाडीही जरा जड. रोज वापरायची असेल तर ती घ्या. स्टीअरिंगमधून रस्ता वाचायचा असेल तर सिरीज १.

घेताना बघायचं ते: इंजिन गार असताना स्वतः कूलंटचं झाकण उघडा, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर बघा, सस्पेन्शन चॅसीला जोडतं त्या पिकअप पॉइंटजवळ चॅसीला बाक किंवा तडा आहे का ते खालचा अंडरट्रे काढून बघा, कारण चिकटवलेली चॅसी सरळ करत बसत नाहीत, बदलतात. आणि इन्शुरन्सची पॉलिसी पूर्ण वाचा, ट्रॅकचा वापर साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत.

बांधलेलं इंजिन आता रन-इन होऊन ट्रॅकवर परत गेलंय, फुल लॅपमध्ये आकडा नव्वदच्या आसपास थांबतो आणि कूल डाउन लॅपला लगेच उतरतो. गिअर लिव्हर अजून ढिला आहे, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना शोधावा लागतो, लिंकेजचे बुश मागवलेत, ते बसले की इथेच लिहितो.