गटाच्या धान्यसाठ्यासाठी तिपदरी हवाबंद पोती : घ्यावीत का?

आमच्या गटातली घरं सुगीला एकत्र धान्य घेतात आणि टंचाईच्या महिन्यांची बेगमी करतात. त्यासाठी आम्ही तिपदरी हवाबंद पोती वापरतो. माझं मत आधीच सांगते: जरूर घ्या, पण त्याआधी धान्य वाळवायची सोय करा.

बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या एकात एक दोन पिशव्या. प्रत्येक पदराचं तोंड वेगळं पिळायचं, दुमडायचं, सुतळीने आवळायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधल्या चवळी पिकवणाऱ्यांसाठी ही पद्धत बसवली. आत अडकलेली कीड स्वतःच ऑक्सिजन संपवते. मग तिचं खाणं थांबतं, शरीरात पाणी तयार होणंही थांबतं आणि ती अक्षरशः तहानेने मरते. औषध अजिबात लागत नाही. मला याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं, कारण धान्यातली कीड मारायला ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो आणि लहान घरात माणसं धान्याशेजारीच झोपतात.

ओल्या धान्याला मात्र हे पोतं वाचवत नाही, उलट आत बुरशी धरते. ओलावा साधारण १३ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून कमी हवा. कोरड्या बरणीत धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्यायला हवं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया दाणा दाताखाली धरतात. कटकन फुटला तरच पोतं भरू देतात. सगळा पैसा पोत्यांवर घालू नका, आधी धान्य वाळवायला ताडपत्र्या घ्या, असा आग्रह त्यांनीच धरला होता. त्यांचंच बरोबर होतं.

उणिवा आहेत. उंदीर प्लास्टिक कुरतडतो. टोकदार काडी राहिली तर भोक पडतं, म्हणून भरण्याआधी पिशवी हवेने फुगवून दाबून बघा. शंभर किलोचं पोतं बायांना हलत नाही, पन्नासचं घ्या. रोज उघडाल तर हवा शिरते. महिन्याचं धान्य डब्यात काढा आणि लगेच बांधा.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातलं सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, दुकानात पोचण्याआधीच वाया जातं. गरीब घराला त्याचा फटका दुहेरी बसतो: कीड लागेल या भीतीने सुगीत स्वस्तात विकायचं आणि पुढे तेच महागात घ्यायचं. या पोत्यामुळे थांबता येतं.

ज्यांच्याकडे सुगीत ना धान्य असतं ना पैसा, त्यांना नुसत्या पोत्याचा काय उपयोग? अशा घरांचा वाटा आम्ही गटाच्या साठ्यातून उसना देतो, पुढच्या सुगीला परत घेतो. किती पोती लागतील याचा हिशोब करताना ही घरंही धरा.