पाच किलोमीटरची बॅटरी आणि दोन हातांवरची घोणस

आमच्या जुन्नर तालुक्यात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायचा तो सेल. मीही तेच शब्द वापरतो, कारण हे लिहितोय ते रात्री बॅटरी घेऊन शेतात जाणाऱ्यांसाठी. गेल्या दिवाळीच्या तोंडावर बॅटऱ्यांच्या एका ‘फॅमिली सेट’मध्ये मी फसलो. पैसे गेले सोळाशेच्या आसपास. तेवढ्यावर भागलं असतं तर लिहायला बसलोही नसतो.

माझा दीड एकर ऊस आणि एकरभर कांदा. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की अकरा-बाराला दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला निघायचं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि सरी फोडायला दोन्ही हात लागतात तेव्हा बॅटरी काखेत किंवा दातात. आमचा भाग बिबट्याचा. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून जातात की एकटं जाऊ नका, काठी आणि बॅटरी जवळ ठेवा, मोबाइलवर गाणी लावा. घरात तेव्हा होती ती आबांची तीन सेलची पत्र्याची जुनी बॅटरी आणि एक चार्जिंगची, जी वर्षभरात मेलेली. म्हणून मनात हिशोब पक्का होता. लांब मारा करणारी एक, डोक्याला बांधायची एक आणि घरात खिळ्याला टांगायची एक छोटी. तीन बॅटऱ्यांत घर भागतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

फोनवर नेमका तोच व्हिडिओ आला. एक माणूस गच्चीवर उभा राहून बटण दाबतो आणि समोरचा अख्खा डोंगर उजळतो. खाली अक्षरं पळतात: मिलिटरी ग्रेड, रेंज पाच किलोमीटर, ५०,००० ल्युमेन, ९९०० एमएएच, वॉटरप्रूफ. (ल्युमेन हे उजेडाचं माप, एमएएच हे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं.) मोठी, डोक्याची आणि घरची अशा तीन बॅटऱ्यांचा सेट, ५,९९९चा १,४९९ला, आणि आजच घेतला तर दुसरा सेट फुकट. पैसे घरी आल्यावर. मी नाव-पत्ता भरला. दहा मिनिटांत एका मुलीचा फोन आला, अगदी गोड मराठीत. “दादा, तुमच्या भागासाठी शेवटचे सात सेट उरलेत, पार्सल परत नाही ना पाठवणार?” मी म्हटलं, नाही ताई, घेतो. तिने आधी शब्द घेऊन ठेवला होता हे नंतर कळलं.

पार्सल आलं तेव्हा मी बाजाराला गेलो होतो. हिने पोऱ्याला १,४९९ आणि वर ९९ घरपोच पैशांचे दिले. खोकं हातात घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, “फार हलकं आहे हो.” सहा बॅटऱ्यांचं खोकं, आणि वजन बिस्किटाच्या पुड्यासारखं. मी तिचं म्हणणं कानाआड केलं. एक सेट घरात ठेवला आणि दुसरा भाऊबीजेला ताईला ओवाळणीत घातला. भाचा पहाटे दूध घालायला डेअरीत जातो, त्याला उपयोग होईल म्हणून.

पहिल्या दिवशी अंगणातून चिंचेच्या झाडावर उजेड मारला तेव्हा पोरं खूश झाली. पुढची काच ओढून लांब केली की उजेडाचा गोल जाऊन निळसर पांढरा चौकोन पडायचा, आत बारीक रेघा दिसायच्या. तो उजेड नव्हे, आतल्या एलईडीच्या तुकड्याचीच सावली-छबी भिंतीवर पडत होती. भिंतीवर झगझगीत, पण शेतात त्या चौकोनाच्या बाहेर मिट्ट काळोख. पायाखाली काय आहे ते दिसायला बॅटरी सारखी हलवत राहावी लागायची. आणि त्या निळ्या उजेडात ओली माती, पाचट, वाळकं पान सगळं एकाच रंगाचं दिसायचं.

भाऊबीजेनंतर आठवड्याने रात्रीची पाळी आली. साडेबाराला मोटर चालू केली. फोन पेटीजवळ चार्जिंगला लावला आणि नवी बॅटरी घेऊन उसात शिरलो. दिवसभर चार्जिंगला होती, हिरवा दिवा लागला होता. चुलतभाऊ दोन शेतं पलीकडे त्याच्या कांद्यावर. तिसऱ्या सरीचं दार मोडलं, पाणी वळवलं, बांधाकडे परत निघालो. बॅटरी जेमतेम पाऊण तास पेटली असेल. उजेड मंद झाला नाही, लुकलुकला नाही. एकदम गेला. बटण दोनदा दाबलं, एकदा डोळा मारल्यासारखी लागली आणि संपली.

अंधाराला डोळे बसायला वेळ लागतो. मी पाय उचलला आणि तेवढ्यात डाव्या अंगाला आवाज आला. कुकरची शिट्टी दबून यावी, तसा लांबलचक फूत्कार. थांबून परत. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. ऊसतोडीच्या वेळी टोळीवाले हा आवाज आला की सगळे जागीच उभे राहतात. घोणस. उचललेला पाय मी आहे तिथेच टेकवला आणि उभा राहिलो. पाणी घोट्याला लागत होतं, दार भरून वाहायला लागलं होतं, आणि मला खोरंही हलवता येईना. चुलतभावाला हाक मारली. तीन-चार हाकांनी त्याने “ओ” दिली. मी ओरडून सांगितलं, “जनावर आहे, बांधाने ये, लांबून उजेड मार.”

तो आला तो आबांची तीच तीन सेलची बॅटरी घेऊन, संध्याकाळी मीच त्याला दिलेली. पिवळट, साधा उजेड. त्या उजेडात ती दिसली, माझ्या पायापासून दोन हातांवर, पाचटावर वेटोळं घालून, पाठीवरचे साखळीसारखे ठिपके स्वच्छ. भावाने काठी जमिनीवर आपटली, ती सावकाश उसात सरकली. आम्ही मोटर बंद केली आणि घरी आलो. त्या रात्री मी हिला काही सांगितलं नाही. सकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढला. अंगठ्याएवढा जाड, लिथियमचा, त्याला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल नळीचं. वर ठळक छापलेलं, ९९०० एमएएच. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, या मापाचा चांगला सेल ३५००च्या आसपास जातो. ९९०० वाचलं की तिथंच बॅटरी खाली ठेवायची.” मग तो शेजारच्या सोनाराकडे सेल घेऊन गेला, मीही गेलो. काट्यावर २३ ग्रॅम. त्याच्याकडचा चांगल्या पॉवर बँकेतून काढलेला त्याच मापाचा सेल ठेवला तर ४६ ग्रॅम. बाहेरून दोन्ही सारखे, वजन निम्मं. सेलमध्ये वीज साठवायचा मालच वजनदार असतो, म्हणून खोटा सेल हलका लागतो. त्याने यंत्राला लावून मोजला, संध्याकाळी आकडा आला ६४०. मागच्या झाकणाला पाणी अडवायची रबरी रिंगही नव्हती, वॉटरप्रूफ फक्त खोक्यावर. (सेल घरी फोडून बघू नका. लिथियम आहे, आग लागते.)

५०,००० ल्युमेनचा हिशोबही त्यानेच कागदावर मांडून दाखवला. चांगली एलईडी एका वॅटला साधारण १०० ते १५० ल्युमेन देते. म्हणजे ५०,०००ला सव्वातीनशे वॅटच्या वर वीज पाहिजे, जवळपास अर्ध्या एचपीच्या मोटरीइतकी. अस्सल १८६५० सेलमध्ये साठते ती दहा-बारा वॅट-तास. म्हणजे दोन मिनिटांत सेल रिकामा, आणि तोवर हात भाजलेला. पाच किलोमीटरचंही तसंच. बॅटरीची रेंज मोजायची ठरलेली रीत आहे: जिथे पोचेपर्यंत उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, ते अंतर लिहायचं. त्या हिशोबाने ५०० मीटरला ६२,५०० कँडेला (झोत किती तीव्र त्याचं माप) लागतात आणि पाच किलोमीटरला साडेबासष्ट लाख. प्रामाणिक कंपनीने ५०० मीटर लिहिलं असलं तरी तिथे फक्त चांदणं असतं. जनावर ओळखू यायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच अंतर धरा.

त्यानंतर त्याने सेटमधली घरची छोटी बॅटरी उघडली, जिच्या बुडातून दोन पिना बाहेर येतात आणि जी सरळ सॉकेटमध्ये खुपसायची असते. आत ट्रान्सफॉर्मर नाही. एक कपॅसिटर, चार डायोड, आणि २३० व्होल्टची लाइन थेट आतल्या शिशाच्या छोट्या सेलपर्यंत. चार्जिंगला असताना आतला कुठलाही धातू हा लाइनचाच भाग. आणि या बॅटरीच्या तोंडाला चकाकती धातूची कडी होती, आतल्या तारेला टेकलेली. मी तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, दोनदा झिणझिण्या आल्या पोराला. आम्हाला वाटलं हात ओला असेल.”

मी गाडी ओतूरकडे वळवली. भाऊबीजेच्या ताटात मी काय ठेवलं होतं, हाच विचार सगळी वाट डोक्यात होता.

पैशांचं थोडक्यात सांगतो. खोक्यावर ना कंपनीचं नाव, ना आयात करणाऱ्याचा पत्ता, ना तक्रारीचा नंबर. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मी ते घेताना बघितलंच नव्हतं. ज्या नंबरवरून ती मुलगी बोलली तो बंद. मग नेटवर ‘कस्टमर केअर’ शोधलं, तर एक जण लगेच रिफंड द्यायला तयार. म्हणाला, यूपीआयवर रिक्वेस्ट येईल, पिन टाका की पैसे जमा. तिथे मात्र पोरगी शेजारी होती, तिने फोन हातातून काढून घेतला. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, सायबरच्या १९३०वरही सांगितलं. तक्रारीचा नंबर मिळाला. विकणाराच सापडत नाही म्हटल्यावर पैसे अजून आलेले नाहीत. तरी तुम्ही फसलात तर तक्रार नक्की करा, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि पैशांची पावती असेल तर बोलायला आधार राहतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

ताईकडे दाजी म्हणाले, “मग घ्यायची तरी कोणती?” त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पहिली घ्यायची ती डोक्याची. आधी लांब माऱ्याच्या मागे लागू नका, रात्रीचं बहुतेक काम हाताच्या अंतरात असतं आणि दोन्ही हात मोकळे लागतात. चालायला ५०-१०० ल्युमेन पुरतात. मी घेतली ती बारक्या पेन्सिल सेलवर चालणारी, कारण ते सेल गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. उजेड पिवळसर झाक असलेला बघा. निळ्यापेक्षा त्यात रंग खरे दिसतात, आणि त्या रात्री माझ्या पायाजवळची घोणस पिवळ्या उजेडानेच दाखवली. दुसरी हातातली. तिच्यात १८६५० असेल तर सेल बाहेर काढून बघता आला पाहिजे, त्यावर क्षमता ३५००च्या आत लिहिलेली असावी, आणि भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असावा. तो नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. सेल संपत आला की उजेड आपोआप कमी करणारी किंवा लुकलुकणारी बॅटरीच घ्या. त्या सूचनेच्या दहा मिनिटांत माणूस बांधावर पोचतो. माझी १,८५०ला पडली. तिसऱ्या बॅटरीवर पैसे घालवले नाहीत. आबांच्या जुन्या बॅटरीचा बल्ब बदलला आणि तीच दाराजवळ खिळ्याला लावली. महिनोन् महिने वापर नसेल तर सेल काढून शेजारी ठेवतो, आत राहून ते पाझरतात आणि पत्रा खातात.

चार्जिंगची असेल तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारी घ्या. सरळ सॉकेटमध्ये खुपसायच्या पिना असलेली नको, कितीही स्वस्त असली तरी.

दाजींनी लगेच निघायचं ठरवलं. ओतूरच्या पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात दुकानदाराने तीन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. दाजींनी एकेक हातात तोलून पाहिली, सेल बाहेर काढून वाचला, मग मधली पूर्ण उजेडावर लावून काउंटरवर उभी केली आणि म्हणाले, “शेठ, अर्धा तास पेटू द्या, आम्ही चहा घेऊन येतो.” दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली, पण तो नाही म्हणाला नाही. आम्ही परत आलो तेव्हा ती छताकडे तोंड करून पेटलेलीच होती, अंग कोमट, उजेड पहिल्यापेक्षा किंचित कमी पण स्थिर. भाचा टेकून उभा होता. त्याने ती उचलून बटण बंद केलं, खिशात घातली, आणि दाजींनी पैसे मोजून पावती मागितली.